निकालाआधीचा हिशेब

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत पाळ्या करून साठवलेले पैसे तू अमेरिकेतल्या एका कंपनीत घातलेस. तिचं हृदयविकारावरचं औषध अजून चाचणीत आहे, पहिला निकाल चांगला आलाय आणि आता पुढच्या निकालाआधी आणखी घेऊ का, असं विचारतोयस. शेअरचा भाव मला कळत नाही. औषधांचे कागद वाचण्यात मात्र नोकरी गेली, तेव्हा तेवढंच सांगतो.

पहिला निकाल चांगला म्हणजे नेमकं काय सुधारलं? रक्तातला एखादा आकडा, की माणसं कमी दगावली? आंब्याचा मोहोर बघून बाग कराराने घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. तुडतुड्याची कीड आणि फळगळ यांतून काय उरतं ते पुढे कळतं. फायझर या औषध कंपनीचं टॉरसेट्रॅपिब आठव. चांगलं कोलेस्टेरॉल ते सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढवायचं. सुमारे १५,००० रुग्णांवर मोठी चाचणी लावली आणि डिसेंबर २००६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. रक्तदाबही वाढत होता. फायझर अवाढव्य, म्हणून शेअर दहाएक टक्क्यांच्या घसरणीवर निभावला. एकाच औषधावर उभ्या असलेल्या कंपनीचं तसं होत नाही.

आता उलटी गोष्ट. हृदयाच्या स्नायूत बिघडलेलं प्रथिन साचण्याचा एक आजार आहे. त्यावरच्या अ‍ॅकोरामिडिसच्या चाचणीत १२ महिन्यांनी सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो ते मोजलं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आला: औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक नाही. ते औषध बनवणाऱ्या ब्रिजबायो कंपनीचा शेअर एका दिवसात ७० टक्क्यांहून जास्त कोसळला. चाचणी मात्र चालूच राहिली. ३० महिन्यांनी मृत्यू, दवाखान्यात भरती वगैरे एकत्र धरून मोजलं, तेव्हा जुलै २०२३ मध्ये औषध सरस ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. म्हणजे थांबणारे शहाणे? तसंही नाही रे. मधल्या दीड वर्षात किती जणांना घरच्या अडचणीसाठी पडेल भावात विकावं लागलं असेल, ते कोण मोजतो!

म्हणून अमेरिकेच्या सरकारी चाचणी नोंदवहीत, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर, तुझ्या औषधाचं पान उघड. प्रायमरी एंडपॉइंट, म्हणजे औषध यशस्वी की नाही ते ठरवणारं मुख्य मोजमाप, काय लिहिलाय, रुग्ण किती, मोजणार कधी, एवढं वाच. एंडपॉइंट मध्येच बदलला असेल तर जुनी नोंदही तिथे सापडते. कंपनीच्या पत्रकात ‘उत्साहवर्धक’ असा शब्द दिसला की मी आधी या एंडपॉइंटचा आकडा शोधतो.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकायची सूचना, लावलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. असे निकाल बहुधा बाजार बंद असताना बाहेर येतात. काल ४० ला असलेला शेअर आज थेट १२ ला उघडला, तर तुझा ३५ चा स्टॉप लॉस १२ च्या आसपासच विकला जाणार. शिवाय अशा कंपन्यांना विक्रीचं उत्पन्न फारसं नसतं. हातातला पैसा संपत आला की त्या नवे शेअर काढतात, बऱ्याचदा चांगल्या बातमीच्या पाठोपाठच, आणि जुन्यांचा वाटा कमी होतो. हातातली रोकड किती महिने पुरेल, ते तिमाही अहवालात बघ.

निकाल कुठे जाईल ते मला सांगता येणार नाही, आणि तुला शेअरच्या टिप देणाऱ्या ग्रुपवाल्यांनाही नाही. म्हणून आणखी घेऊ नकोस. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे यात गेले असतील, तर तेवढे निकालाआधी काढ, थोडा तोटा झाला तरी. बाकीचे पूर्ण बुडाले तरी घर चालणार असेल तर राहू देत.

शनिवारी सुट्टी असेल तर चिपळूणला ये. त्या पानाची छापील प्रत आण, एंडपॉइंट दोघं मिळून वाचू. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका