मुलगा चर्चला येत नाही, माझं काय चुकलं?

संतांच्या आयांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या बायकांना हा प्रश्न फार छळतो. अशाच एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, हातात जपमाळ, बोलताना सारखे मणी फिरत होते पण प्रार्थना नव्हती, नुसती बोटं चालू होती. मुलगा २० वर्षांचा, वर्षभर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला आलेला नाही, त्यावरून रोज वाद, शेवटी यांनी त्याच्याबरोबर जेवणंच बंद केलं. म्हणाल्या, संत मोनिकाने आपल्या मुलाला, संत ऑगस्टीनला घडवलं आणि मला एक पोरगं सांभाळता आलं नाही, तुम्ही तरी एकदा बोला ना त्याच्याशी.

मी म्हटलं, मोनिकाची अख्खी गोष्ट आठवतेय का? तिचा मुलगाही १९-२० च्या वयातच चर्चने नाकारलेल्या मानी पंथात गेला आणि ९ वर्षं तिथेच रमला. तिनेही त्याला घरात राहायला, एकत्र जेवायला मनाई केली होती. मग तिला स्वप्न पडलं, त्यात मुलगा तिच्याच शेजारी उभा होता, आणि तिने त्याला परत घरात घेतलं, तो जराही बदलला नव्हता तरी. हा भाग कुणी फारसा सांगत नाही, मला मात्र तोच सगळ्यात मोठा वाटतो.

माझ्या मुलाला समजवा म्हणून तीही एका बिशपकडे गेली होती. त्यांनी सरळ नाही म्हटलं, कारण ते स्वतः लहानपणी त्याच पंथात होते आणि कुणी वाद न घालता, वाचून वाचूनच बाहेर पडले होते. तू प्रार्थना कर म्हणाले, आणि ती रडायची थांबेना तेव्हा म्हणाले, जा, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. पुढे ३८३ मध्ये ऑगस्टीन तिला फसवून रात्रीच जहाजाने रोमला निघून गेला, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश, झाला थेट ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये, ३२ व्या वर्षी. त्याच वर्षी मोनिका वारली.

ताईंनी विचारलं, म्हणजे तिचंपण चुकलं होतं? मी म्हटलं हो, आणि तरी ती संत आहे. तेव्हा कुठे त्यांची बोटं थांबली.

मुलाला मी बोलावलंच नाही. एवढंच ठरलं की रोज एकत्र जेवायचं, जेवताना चर्चचा विषय काढायचा नाही, आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्याला ऐकवायला म्हणून मोठ्याने म्हणायची नाही.

दीड महिन्याने परत आल्या. मुलगा अजून मिस्साला जात नाही. पण संध्याकाळी दारातून डोकावून विचारतो, आई, झाली का तुझी रोझरी? थांबतो मी, मग जेवू.