छावणीतलं नाटक उभं करताना

सप्रेम आशीर्वाद.

संहितेचा खर्डा वाचून झाला. विषय चांगला निवडला आहेस. ८ जानेवारी १७७६ची रात्र, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बंडखोर वसाहतकऱ्यांच्या वेढ्यात अडकलेलं बॉस्टन, फॅन्युइल हॉलमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी लावलेलं नाटक आणि त्याच वेळी पलीकडे चार्ल्सटाउनवर पडलेला बंडखोरांचा छापा. सार्जंट धावत रंगमंचावर येऊन ओरडतो, प्रेक्षकांना तो प्रहसनातलाच वाटतो आणि ते टाळ्या वाजवतात. पण या एका क्षणासाठी तू आधीची सगळी पानं वाट बघण्यात घालवली आहेस. त्या पानांत अधिकारी नाटकाबद्दल बोलतात, नाटक करताना मात्र दिसत नाहीत. मेणबत्त्या कोण सांभाळतंय, नटांच्या वाक्यांच्या नकला कोणी उतरवल्या, पहाऱ्यावरून तालमीला कोण कसा सुटला, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. तेव्हाच सार्जंटच्या येण्याने काय मोडलं ते त्याला कळेल.

आधी दोन चुका काढून टाक. तुझा जनरल बर्गॉइन पहिल्या रांगेत बसून आपलंच प्रहसन बघतोय. 'द ब्लॉकेड ऑफ बॉस्टन' त्याचं होतं हे खरं, पण तो डिसेंबर १७७५ मध्येच जहाजाने इंग्लंडला गेला होता. बॉस्टनचा सेनापती तेव्हा होव होता. लेखक हजर नसताना त्याचं प्रहसन बसवणाऱ्यांची धांदल तुला जास्त उपयोगी पडेल. काही अडलं तर विचारायचं कोणाला? शिवाय त्या प्रहसनाची संहिता आज उपलब्ध नाही. त्यामुळे त्यातले संवाद तू रचणार, आणि ते रचलेले आहेत हे माहितीपत्रकात स्पष्ट लिही.

दुसरी चूक नेपथ्याची. तू आजच्या फॅन्युइल हॉलचा फोटो समोर ठेवून आराखडा काढला आहेस. ती इमारत १८०५-०६ मध्ये बुलफिंच या वास्तुशिल्पीने रुंदीला दुप्पट केली आणि वर एक मजला चढवला. १७७६ची इमारत निम्म्या रुंदीची होती, खाली बाजार आणि वर सभागृह. म्हणजे तुझा रंगमंच अरुंद हवा आणि प्रेक्षक दाटीने बसलेले हवेत. याच सभागृहात बॉस्टनकरांच्या नगरसभा भरत. त्यातही मॅसॅच्युसेट्समध्ये १७५०च्या कायद्याने नाटकांना बंदी होती. गावकऱ्यांच्या सभेच्या जागी, त्यांच्याच कायद्याने निषिद्ध ठरवलेली गोष्ट, परक्या फौजेने करणं म्हणजे काय, हे एखाद्या पात्राच्या तोंडी भाषण देऊन सांगू नकोस. सभेची बाकं उचलून कोपऱ्यात रचणारे दोन शिपाई पहिल्या प्रवेशात दाखव, पुरे.

आता हंगाम. तुझ्या खर्ड्यात 'फावला वेळ होता म्हणून नाटक' असं तीन ठिकाणी आलंय. वेळ मोकळा होता तो हिवाळ्यात, कारण त्या काळी हिवाळ्यात मोहिमा थांबत. फिलाडेल्फियात इंग्रज अधिकाऱ्यांचा हंगाम १९ जानेवारी १७७८ला सुरू झाला, १९ मे रोजी संपला आणि १८ जूनला फौजेने शहर सोडलं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन स्ट्रीटचं थिएटर 'थिएटर रॉयल' या नावाने चालवायला घेतलं, तेही जानेवारीतच, १७७७ मध्ये. उत्पन्न शिपायांच्या विधवांना आणि अनाथ मुलांना, असं जाहीर केलं जाई. म्हणजे तारीख ठरे मोहिमेवरून, भूमिकांचं वाटप ठरे पहाऱ्याच्या पाळीवरून. ज्याची पाळी आली तो तालमीला नाही, ज्याला हुकूम आला तो प्रयोगालाही नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या भूमिकेची नक्कल आणखी एकाच्या खिशात असलेली दाखव. हौशी मंडळात असतं तेच संकट आहे हे, फक्त इथे सुट्टी मागायची सोय नाही.

नकलांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, याचं वाईट वाटलं. छापील पुस्तक बहुधा एकच. त्यातून प्रत्येक नटासाठी फक्त त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द उतरवून द्यायचे. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत याच कागदांना नक्कल म्हणत. फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात या सैनिकी थिएटरने भरभर आणि सुवाच्य लिहिणारा कारकून हवा, तसंच पडदे ओढण्यात आणि सुतारकामात मुरलेली माणसं हवीत, अशी जाहिरात दिली होती. हा कारकून तुझ्या नाटकात पात्र म्हणून आण. सगळं नाटक अख्खं माहीत असलेला छावणीतला तोच एकटा. आणि एक प्रयोग करून बघ: पहिले आठ दिवस तुझ्या नटांना पूर्ण संहिता देऊ नकोस, फक्त नकला दे. समोरचा किती वेळ बोलणार हे माहीत नसलं की माणूस त्याचं तोंड बघत ऐकतो. ते ऐकणं नंतर संहिता हातात आल्यावरही टिकतं. एक धोका मात्र आहे. तीन शब्दांचा इशारा दोन ठिकाणी सारखा आला तर नट दोन पानं पुढे उडी मारतो. नकला उतरवताना असे इशारे शोध आणि तिथे चौथा, पाचवा शब्द वाढव.

प्रकाशाकडे वळतो, कारण खर्ड्यात तू सरळ 'मंद पिवळा उजेड' लिहून पुढे गेला आहेस. गरिबातल्या गरीब रंगमंचाचं एक माप देतो. सिडनीच्या वसाहतीत ४ जून १७८९ला, राजाच्या वाढदिवशी, कैद्यांनी नाटक केलं. नाटक फौजभरतीवरचं आणि समोर बसलेले लष्करी अधिकारी. वॉटकिन टेंच या नौसैनिक अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे मातीच्या भिंतींची झोपडी, तीन-चार यार्ड रंगीत कागद, डझनभर स्वस्तातल्या मेणबत्त्या आणि साठेक माणसं. अशा बारा मेणबत्त्यांत चेहरा ज्योतीजवळ असेल तरच नीट दिसतो. म्हणून नट पुढे येऊन बोलायचे, मागे गेलेला माणूस नुसता आकार. तुझं सगळं दिग्दर्शन यावरून बदलायला हवं: ज्याला ऐकवायचंय तो पुढे, ज्याला लपायचंय त्याने फक्त चार पावलं मागे जायचं.

चरबीच्या मेणबत्तीला माणूस लागतो. दहा-पंधरा मिनिटांत वातीवर काजळीचं बोंड धरतं, ज्योत लाल होते, धूर सुटतो आणि चरबी एका बाजूने ओघळून मेणबत्ती अर्ध्या वेळात संपते. कात्रीने बोंड खुडावं लागतं. वात फार खाली कापली तर ज्योत विझते, कमी कापली तर पाच मिनिटांत पुन्हा तेच. हे काम करणारा शिपाई चालू प्रवेशात रंगमंचावर यायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. तुझ्या नाटकातही त्याला असाच येऊ दे. शोकाच्या प्रसंगात तो कात्री घेऊन नायिकेच्या पायाशी वाकतो, काम करतो आणि जातो. यावर कोणी हसता कामा नये, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच त्याची सवय लावून दे.

आपल्या नाट्यगृहांत उघडी ज्योत चालत नाही, ते बरोबरच आहे. लुकलुकणाऱ्या एलईडी मेणबत्त्या विकत घेऊ नकोस, तिसऱ्या रांगेतून खोट्या कळतात. हॅलोजन दिवे डिमरवर तीस-पस्तीस टक्क्यांवर आणले की आपोआप तांबूस होतात, वेगळा जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत कागद, लागत नाही. एक ओळ पायाशी, सहा इंच उंचीच्या पत्र्याच्या आडोशाने प्रेक्षकांपासून झाकलेली, आणि एक गोल झुंबरासारखा वरून. फक्त पायाशी दिवे ठेवलेस तर नाकाची सावली कपाळावर चढते आणि सगळेच दुष्ट दिसतात. समोरच्या बारवरच्या दिव्यांचा प्रकाश पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नको, आणि बाल्कनीतून बसून स्वतः बघितल्याशिवाय तो आकडा पक्का करू नकोस. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवू नकोस. त्या काळी प्रेक्षागृहही उजेडातच असे, आणि सार्जंट आल्यावर प्रेक्षकांनी एकमेकांची तोंडं बघायला हवीत.

पडदा फ्लेक्सवर छापून घेण्याचा विचार सोड. फिलाडेल्फियात कॅप्टन आंद्रेने पडदे स्वतः रंगवले. त्यातला धबधबा आणि ओढ्याचा एक देखावा फौज गेल्यावरही वापरात राहिला आणि १८२१ मध्ये थिएटर जळालं तेव्हा त्याबरोबर गेला. तूही मांजरपाटावर सरसाचा, म्हणजे प्राणिज गोंदातला, रंग लाव. शंभर ग्रॅम सरस लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाल, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून विरघळव. उकळू देऊ नकोस, चिकटपणा जातो. त्यात खडूची पूड कालवून आधी अस्तराचा हात दे, मग रंग. वाळल्यावर बोटाने घासून बघ: रंग बोटाला लागला तर सरस कमी, कापड दुमडल्यावर तडकला तर जास्त. ओला रंग वाळल्यावर खूप फिका पडतो, म्हणून प्रत्येक छटा आधी चिंधीवर वाळवून बघ. आपल्या हवेत सरस दोन-तीन दिवसांत कुजतो, तेव्हा लागेल तेवढाच कर.

स्त्रीभूमिकांबद्दल एक आग्रह. लुगडं नेसलेला दाढीवाला, असा विनोद तुझ्या तिसऱ्या प्रवेशात आहे, तो काढ. हे प्रकरण या माणसांनी गंभीरपणे घेतलं होतं. थोडी पुढची गोष्ट: १८४५-४६च्या हिवाळ्यात टेक्ससच्या सीमेवर कॉर्पस क्रिस्टीला अमेरिकन फौजेच्या अधिकाऱ्यांनी आठशे प्रेक्षकांचं थिएटर बांधलं. आधी विनोदी नाटकं केली, पैसा जमल्यावर शोकांतिकेला हात घातला. 'ऑथेल्लो'त डेस्डिमोनासाठी निवड झाली तेवीस वर्षांच्या लेफ्टनंट ग्रँटची, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. ऑथेल्लो करणाऱ्या लेफ्टनंट पोर्टरने तालमीनंतर हरकत घेतली की पुरुष नायिका असली तर नायकाच्या मनात भाव उभा राहत नाही. शेवटी न्यू ऑर्लिन्सहून नटी आणवली. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना ही हरकत पटली नसती, पण नटाची अडचण म्हणून ती खरी आहे. तुझ्या नाटकात अशी तालीम घाल: दोघेही जीव तोडून करताहेत आणि जमत नाहीये.

विरुद्ध बाजूला नाटकद्वेष्टे रंगवू नकोस. वॉशिंग्टनच्या छावणीत, व्हॅली फोर्जला, मे १७७८ मध्ये ॲडिसनचं 'केटो' हे नाटक झालं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव केला की नाटकात काम करणाऱ्या किंवा नाटक बघणाऱ्या अधिकाऱ्याला पदावरून काढावं. दोन्ही छावण्यांत तीच हौस होती.

शेवटचा प्रवेश. मुख्य नाटक संपलंय, प्रहसनाला तोंड फुटतंय, सार्जंट येतो. टाळ्या थांबायला किती वेळ लागतो ते तालमीत घड्याळ लावून ठरव. चार सेकंदांत थांबल्या तर प्रसंग गेला, बारापर्यंत ताण. मग पळापळ: वादकांच्या जागेवरून उड्या, पायाखाली चिरडलेलं व्हायोलिन. इथे तू युद्धाचे आवाज भरले आहेस, ते बंद कर. त्या रात्रीच्या वर्णनात नट पाणी मागताहेत, तोंडावरचा रंग आणि काजळी धुवायला. तेच दाखव. खोबरेल तेलात काजळी कालवून नटाच्या तोंडाला लाव आणि थंड पाण्याची परात समोर ठेव. तेलातली काजळी थंड पाण्याने निघत नाही, नुसती पसरते. जानेवारीतलं बॉस्टन आहे, पाणी गरम करायला वेळ नाही, बाहेर नगारा वाजतोय. तो किती वेळ घासतो आणि कुठल्या क्षणी तसंच काळं तोंड घेऊन बंदूक उचलतो, हे आधी तालमीत तीन-चारदा करून बघ. त्या प्रवेशातले संवाद त्यानंतर लिही.

पुढचा खर्डा झाला की पाठव. सोबत पडद्याची वाळलेली चिंधीही पाठव.