दोलन मोजताना सुरुवात शून्याने

प्रश्न : मी रत्नागिरीत एम.एस्सी. करतो आणि एफ.वाय.च्या प्रात्यक्षिकांना मदतनीस असतो. साध्या लंबकावरून काहींचा g (गुरुत्वीय त्वरण, मी/से² मध्ये) १०.८ येतो, बाकीच्यांचा नेमका ९.८१. चूक कशी शोधू?

उत्तर : १०.८ आला की मोजणी बघा. गोळा सोडताना ‘एक’ म्हटलं, की विसाच्या आकड्याला १९च दोलनं झालेली असतात. वेळेला मात्र वीसने भागतात, म्हणून आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ, T) पाच टक्क्यांनी कमी, g जवळजवळ अकरा टक्क्यांनी जास्त. ‘शून्य’ म्हणूनच घड्याळ सुरू करायला लावा, तेही गोळा मधल्या रेषेवरून जाताना. तिथे वेग सर्वाधिक, म्हणून क्षण नेमका पकडता येतो.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरा. पावसाळ्यात सुती दोऱ्याची लांबी बदलते, म्हणून गोळा टांगलेला असतानाच मोजा. पंखा बंद. T² विरुद्ध L (लांबी) आलेख काढून त्याच्या चढावरून g काढला तर लांबीतली कायमची चूक चढात शिरत नाही.

आता ९.८१ची मंडळी. ही खरी काळजीची. आपल्या अक्षांशाला, समुद्रसपाटीला g सुमारे ९.७८ ते ९.७९ असतो, ९.८१ बहुधा पुस्तकातून येतो. रागावू नका, कच्ची रीडिंग मागा. प्रत्येक जोडीला वेगळी लांबी द्या आणि जर्नलवर सही त्याच दिवशी करा.