उबुंटू २२.०४ वर जँगो अ‍ॅप: गुनिकॉर्न चालू आहे तरी एनजिनएक्स ५०२ का देतंय?

गुनिकॉर्नचं (जँगोचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) स्टेटस हिरवं दिसतंय आणि ब्राउझरमध्ये ५०२ येतंय (म्हणजे पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरला मागच्या गुनिकॉर्नकडून नीट उत्तर मिळत नाही), म्हणजे बहुतेक परमिशनचा घोळ आहे. आधी एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा, त्यात सॉकेटच्या (ज्या फाइलमधून एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न एकमेकांशी बोलतात ती) नावापुढे "१३: परमिशन डिनाइड" दिसलं की कोडमध्ये काही शोधत बसू नका. मी कोथरूडच्या एका क्लिनिकचं अपॉइंटमेंटचं अ‍ॅप लावताना अख्खी रात्र सेटिंग्ज फाइल चाळत बसलो होतो आणि चूक तिथे नव्हतीच.

होतं काय, तुमची सॉकेट फाइल होम फोल्डरमध्ये आहे, आणि उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरच्या होम फोल्डरची परमिशन ७५५ वरून ७५० केली, त्यामुळे एनजिनएक्स ज्या युजरने चालतो त्याला त्या फोल्डरच्या दारातूनच आत जाता येत नाही, मग सॉकेटपर्यंत पोचणार कसा. जुने ट्युटोरियल्स त्याआधीचे, म्हणून तसंच्या तसं करूनही अडतं.

होमला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळे होऊ नका प्लीज, सर्व्हर आहे तो. सॉकेट रन (/run) फोल्डरखाली हलवा: सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस चालू-बंद करणारी उबुंटूची यंत्रणा) सर्व्हिस फाइलमध्ये रनटाइम डिरेक्टरीची (RuntimeDirectory=) एक ओळ टाका, तोच पाथ गुनिकॉर्नच्या बाइंडला आणि एनजिनएक्सच्या प्रॉक्सी पासला द्या, डेमन रीलोड करा, मग दोन्ही रीस्टार्ट. स्टॅटिक फाइल्सही होममध्ये असतील तर त्यांना ४०३ (प्रवेश नाकारल्याची एरर) येईल, त्या व्हार (/var) फोल्डरखाली ठेवा.