वाचकांचे प्रश्न : स्टेजवर उभे राहिले की काय ऐकू येते?

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. नवरात्रात गरब्याला साथ करणाऱ्या एका बँडवर दीर्घकथा लिहीत आहे. गायिका, कीबोर्ड, बेस गिटार, ड्रम आणि ढोल असे पाच जण त्यात आहेत. मला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. कथा वाचलेल्या मैत्रिणींना घरचे प्रसंग खरे वाटतात, मात्र कार्यक्रमाचे वर्णन चित्रपटातले वाटते. काय करावे?

उत्तर : तुम्ही पाठवलेली पाने मी दोनदा वाचली. कार्यक्रमाच्या प्रसंगात ‘सुरांचा पाऊस’ आहे, डोलणारे मैदान आहे, अंगावर आलेले रोमांच आहेत. हे सगळे खोटे नाही, पण ते खाली गरबा खेळणाऱ्याला जाणवते. तुमची कथा स्टेजवरच्या पाच जणांची आहे आणि त्या पाच जणांना यातले फारसे काही ऐकू येत नसते, हीच तुमची मुख्य अडचण आहे.

मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेले असतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत नुसता घुमणारा खर्ज पोहोचतो, म्हणून प्रत्येकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड केलेला छोटा स्पीकर, म्हणजे मॉनिटर, ठेवतात आणि ज्याला जे हवे ते त्यातून सोडतात. गायिकेला स्वतःचा आवाज आणि कीबोर्ड हवा असतो. ड्रम वाजवणारा स्वतःच्याच झांजांच्या आवाजात बसलेला असल्यामुळे त्याला तिचे शब्द जेमतेम कळतात, तर बेस गिटारवाला पुष्कळदा कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवून ड्रमरच्या उजव्या पायाकडे पाहत वाजवतो. त्यात भर प्रतिध्वनीची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या टोकाची भिंत ३४ मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून परतलेला ठोका एक पंचमांश सेकंद उशिरा कानावर येतो, आणि नवखा वादक त्या परतलेल्या ठोक्याच्या मागे गेला की लय हळूहळू मंदावत जाते. ‘मारो अवाज नथी आवतो’ असे गायिका माइक बाजूला धरून ओरडते, तेव्हा साऊंडवाल्याने कोणाचा आवाज वाढवायचा आणि कोणाचा कमी करायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि बँडमधली बरीच भांडणे तिथेच सुरू होतात. तुमच्या कथेतले कीबोर्डवाल्याचे आणि गायिकेचे भांडण एका संशयातून होते. ते मॉनिटरवरून झाले असते, तर तो संशय वाचकाला न सांगताही कळला असता.

एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मैदानात मी स्टेजच्या मागच्या बाजूला बसलो होतो. आधीच्या गाण्यासाठी कीबोर्डवाल्याने बटण दाबून पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ मानून गायचे तो सूर, चढवली होती आणि पुढचे गाणे सुरू करताना ती खाली आणायला तो विसरला. गायिका काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गाणारी. सुरुवातीचे सूर वाजले ते काळी पाचमध्ये. पहिल्या दोन सुरांतच तिला कळले. तिने मान वळवून एकदाच त्याच्याकडे पाहिले. गरब्यात थांबता येत नाही, कारण तुम्ही थांबलात की फेर तुटतो. म्हणून तिने चढ्या पट्टीतच तोंड उघडले. बेसवाला एक आवर्तन बेसूर वाजला, मग त्याने डावा हात दोन पडदे वर सरकवला. ड्रम आणि ढोल यांना शेवटपर्यंत काही कळले नाही. अंतऱ्यातला वरचा सूर आला तेव्हा तिने माइक लोकांपुढे धरला, लोकांनी तो आनंदाने गायला आणि खाली सगळ्यांना वाटले की बाईंना आज रंग चढला आहे. गाणे संपल्यावर कीबोर्डवाला एक शब्दही बोलला नाही. त्याने फक्त आपली पाण्याची बाटली तिच्या पायाशी नेऊन ठेवली. तुम्हाला हवे असलेले नाते एवढ्यात सगळे आहे, आणि ते दिसण्यासाठी पट्टी म्हणजे काय हे लेखिकेला ठाऊक असावे लागते. वाद्य वाजवता आले नाही तरी चालेल. नवरात्राच्या आधी एखाद्या बँडच्या तालमीला आठ दिवस जाऊन बसा आणि दर दिवशी एकाच वादकाकडे पाहा.

वेळेचेही भान ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. तुमच्या कथेत पहाटे तीनपर्यंत गरबा चालतो, तो बाराला थांबवा. थांबवल्याने कथेचे नुकसान होणार नाही. उलट शेवटच्या दहा मिनिटांत कोणते गाणे घ्यायचे यावर पाच जणांची पाच मते निघतील.

तुमची गायिका सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात ख्याल शिकते, हे मला फार आवडले. १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेची ती परंपरा आहे आणि आपल्या गावाच्या कथेत ती यायलाच हवी. पण गुरुजी गरब्याला हलके समजतात म्हणून संघर्ष, हे फार वेळा वाचून झाले आहे. नऊ रात्री गाऊन बसलेला गळा घेऊन ती सकाळी खर्ज लावायला बसते आणि षड्जच, म्हणजे ‘सा’च, स्थिर राहत नाही, ही अडचण अधिक खरी आहे, आणि तिच्यात गुरुजींना वाईट ठरवावे लागत नाही.

संवादांतली सगळी माणसे मराठी बोलतात, तेही बदला. ही मुलगी घरी आईशी मराठीत, ढोलवाल्याशी गुजरातीत आणि साऊंडवाल्याशी हिंदीत बोलेल. बँडमधला दुसरा मराठी मुलगा आणि ती सगळ्यांदेखत गुजरातीत बोलतात आणि सामान आवरताना दोघेच उरले की मराठीवर येतात, एवढे केले तरी पुष्कळ साधेल.

प्रश्न : माझ्याही कथेत बँड आहे. लोकप्रिय गाण्यांच्या ओळी कथेत छापल्या तर चालेल का? (एक वाचक, फतेहगंज, वडोदरा)

उत्तर : गाण्याचे नुसते नाव घ्यायला हरकत नाही. ओळी छापायच्या असतील तर हक्क असणाऱ्याची परवानगी काढावी, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. माझे मत विचाराल तर बँडसाठी दोन-चार ओळी स्वतः लिहा. त्या थोड्या कच्च्या असल्या तरी चालतील, कारण तुमची मुले विशी-बाविशीची आहेत आणि त्या वयात त्यांनी स्वतः गाणे रचले असते तर तेही तसेच कच्चे झाले असते. मात्र ज्या चालीवर त्या ओळी बसवल्या असतील ती मनात धरून मोठ्याने म्हणून पाहा. सहा मात्रांच्या हींच तालात जे शब्द सहज बसतात ते आठ मात्रांच्या केहरव्यात अडखळतात, आणि ढोल वाजवणाऱ्या वाचकाला ते पहिल्या ओळीत ऐकू येईल.