रेडीमेड इंग्रजी फ्रेजेस काढून टाकायच्या का?

तू विचारलंयस की फ्लेमिंगोवरच्या प्रोजेक्टच्या ड्राफ्टवर मॅडमनी 'पाठ केल्यासारखं वाटतंय' असा शेरा मारलाय, तर ऑन द अदर हॅन्ड वगैरे सगळं काढून टाकू का. अजिबात नको काढूस. मी वाशीला बरीच वर्षं डिग्रीच्या मुलांचं इंग्रजी तपासतेय, फ्रेजेस काढल्या की मुलं त्या जागी मराठी वाक्यच शब्दाला शब्द लावून लिहितात, 'च्याबद्दल चर्चा' म्हणून डिस्कस अबाउट, आणि मग ते जास्तच अवघडतं.

शब्द असे सोबतीनेच येतात गं. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, पण वारा पडला म्हणजे थांबला! हे आपल्याला कोणी नियम सांगून शिकवलं नाही, ऐकून ऐकून बसलं. इंग्रजी फ्रेजेस मात्र आपण बारावीच्या गाईडमधून उचलल्या, त्यामुळे फ्रेज पाठ झाली आणि ती कुठे बसते ते शिकायचंच राहिलं.

तुझंच वाक्य बघ. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, ऑन द अदर हॅन्ड ते शेवाळ खातात. यात दुसरी बाजू कुठाय? ही फ्रेज एकाच गोष्टीच्या दोन बाजू समोरासमोर ठेवायला असते. ठाणे खाडीत सांडपाण्यामुळे शेवाळ वाढतं आणि फ्लेमिंगोंना खायला मिळतं, पण तेच सांडपाणी पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, इथे टाक, अगदी चपखल बसेल. नुसतं 'आणि' म्हणायचं असेल तर ॲन्ड लिही, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती वर्गात फारशी कोणी सांगत नाही. डग्लस बायबर या भाषाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या लाँगमन ग्रामर या इंग्रजी व्याकरणाच्या ग्रंथात अशा वारंवार येणाऱ्या शब्दगटांना लेक्सिकल बंडल्स म्हटलं, दहा लाख शब्दांत निदान १० वेळा आणि तेही निदान ५ वेगवेगळ्या मजकुरांत यायला हवेत अशी अट घालून मोजले. त्यात दिसलं की बोलण्यातले गट बहुतेक क्रियापदाभोवती असतात, आय डोन्ट नो व्हॉट सारखे, आणि अभ्यासाच्या लिखाणातले नामाभोवती, जसं ऑन द बेसिस ऑफ, इन द केस ऑफ, द एक्स्टेंट टू विच. तुझ्या एका पानात ॲज वी ऑल नो, आय थिंक दॅट आणि लास्ट बट नॉट द लीस्ट तिन्ही आहेत, हे भाषणाचे गट आहेत, मला वाटतं मॅडमना खटकलंय ते हेच.

तर आता काय कर, फ्रेजेसची यादी डाउनलोड करत बसू नकोस. मँचेस्टर युनिव्हर्सिटीची अकॅडेमिक फ्रेजबँक ऑनलाइन आहे, चांगली आहे, कुठल्या कामाला कुठली फ्रेज ते तिथे कळतं, पण तिथून थेट उचललंस तर पुन्हा गाईडच झालं. त्यापेक्षा तुझ्याच विषयाचे तीन पेपर घे, खाडी, पाणथळ जागा, पक्षी असले काही, आणि ट्रेनमध्ये ठाण्यापासून वाशीपर्यंत पेन्सिलने शब्दगटांखाली रेघा मार. वहीत नुसती फ्रेज नको, पूर्ण वाक्य उतरव आणि शेजारी मराठीत लिही की लेखकाने ती तिथे कशासाठी वापरली. मराठीत सांगता आलं नाही तर ती फ्रेज अजून तुझी झालेली नाही, सध्या वापरू नकोस. आठ-दहा जमल्या तरी या ड्राफ्टला पुष्कळ झाल्या.