टेक्सासच्या हिल कंट्रीत भटकायला निघण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

फ्रेडरिक्सबर्गला नोकरी लागली, आता दर रविवारी भटकायचं, असं तू कळवलंस. जरूर भटक. पण सह्याद्रीत आपण पायथ्याशी गाडी लावून दिसेल त्या वाटेने डोंगर चढतो, तसं तिथे चालत नाही. टेक्सासची जवळपास ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. माळ मोकळा दिसतो, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेचं कुंपण असतं. तेव्हा आधी कुंपण वाचायला शीक.

झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जांभळा उभा पट्टा दिसला, की तो मनाईचा समजायचा. किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर रंगवलेल्या या पट्ट्याला ‘प्रवेश बंद’ पाटीइतकंच कायद्याचं बळ आहे. वसंतात निळे ब्लूबॉनेट फुललेले असतात, तेव्हा फोटोसाठीसुद्धा तार ओलांडू नकोस. कुणी रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावर बोलावलं, तर फाटक जसं असेल तसंच ठेवायचं. बंद असेल तर मागे कडी लावायची, उघडं असेल तर उघडंच राहू द्यायचं. उघडं फाटक आपण चांगुलपणाने लावतो आणि गुरांची पाण्याकडे जायची वाट अडते. भर उन्हाळ्यात ही चूक मालकाला फार महाग पडते.

नदीचं गणित वेगळं. पात्र सरासरी ३० फूट किंवा त्याहून रुंद असेल, तर कायदा ते सार्वजनिक मानतो. काठ मात्र बहुतेक ठिकाणी मालकाचा. म्हणून लॅनो नदीत डुंबायचं असेल तर सार्वजनिक रस्ता नदी ओलांडतो तिथून उतर आणि पात्रातूनच चाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावाकडचे रस्ते ओढे ओलांडतात ते ‘लो-वॉटर क्रॉसिंग’वरून, म्हणजे आपल्या फरशी पुलावरून. तिथे खडकावर मातीचा थर पातळ आहे, त्यामुळे पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात येतो. तुझ्या डोक्यावर निरभ्र आकाश असेल आणि वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा फरशीवर येऊन थडकेल. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदी अशीच काही तासांत चढली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. ६ इंच वाहत्या पाण्यात छोटी गाडी ताब्यातून जाऊ शकते, फूटभर पाण्यात बऱ्याच गाड्या तरंगू लागतात आणि २ फुटांत पिकअपही वाहून जातो. काठाला फुटांच्या खुणांची पट्टी असते, पण तिच्यावरही विसंबू नकोस, कारण पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे की खचलाय ते ती सांगत नाही. रात्री तर पाणी दिसतही नाही. फरशीवर वाहतं पाणी दिसलं की गाडी वळवायची, मग पुढचा माणूस गेलेला असला तरी. आडवा लावलेला अडथळा ओलांडणं गुन्हा आहे.

पहिल्या रविवारी एन्चँटेड रॉकला जा. गावापासून उत्तरेला १७ मैलांवर गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट आहे, पायथ्यापासून ४२५ फूट उंच. प्रवेशाचं आरक्षण घरूनच कर. गर्दी झाली की फाटक बंद होतं. उन्हाळ्यात माणशी ४ लिटर पाणी घे आणि सकाळीच चढ, कारण दुपारी खडक तापतो आणि माथ्यावर सावली नाही. वरच्या डबक्यांत पाय घालू नकोस. कोरडी दिसली तरी त्या मातीत इवल्या कोळंब्यांची अंडी असतात. गवतात बसण्याआधी मुंग्यांचं वारूळ नाही ना ते बघ. चिगर नावाचे बारीक किडे मोज्यांच्या आणि कमरेच्या रेषेवर चावतात. घरी पोचताच साबण लावून अंघोळ कर.

तू शाकाहारी, म्हणून सांगते: बार्बेक्यूच्या दुकानातल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये बहुतेक वेळा मांस असतं. विचारूनच घे. शिदोरी बरोबर असलेली बरी.

परतताना अंधार पडू देऊ नकोस. ऑक्टोबर ते डिसेंबर हरणं संध्याकाळी रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच, म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही. समोर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाब, स्टिअरिंग वळवू नकोस. हरणाला चुकवताना गाडी उलटते किंवा झाडावर जाते.

कळावे.
तुझी मावशी